पाश्चात्त्य संगीताची थिअरी: कोणत्या क्रमाने शिकायची आणि कुठे अडखळायला होतं

थिअरी शिकायला बसलेली माणसं बहुधा दोनच ठिकाणी अडतात. कीबोर्डवरच्या एकाच पट्टीला दोन नावं का असतात ते कळत नाही, म्हणून शार्प (चढवलेला स्वर) आणि फ्लॅट (उतरवलेला स्वर) घोकले जातात. मग कॉर्डची, म्हणजे एकदम वाजवायच्या स्वरांच्या गटांची, लांबलचक यादी समोर येते आणि तीही घोकायची आहे असं वाटतं. खरं तर दोन्हींत पाठांतर फारच थोडं आहे. स्वराचं अक्षर ही एक गोष्ट आणि दोन स्वरांमधलं अंतर ही दुसरी. या दोन्ही वेगवेगळ्या मोजायची सवय लागली की स्केल (स्वरांची क्रमवार मालिका), इंटरव्हल (दोन स्वरांमधलं अंतर) आणि कॉर्ड वहीत बसून बांधता येतात. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

जवळ काय हवं

- कीबोर्ड. 49 किंवा 61 पट्ट्यांचा कसलाही चालेल, सुरुवातीला मोबाइलवरचासुद्धा. गिटार किंवा व्हायोलिन वाजवणाऱ्यांनीही थिअरी कीबोर्ड समोर ठेवूनच शिकावी. गिटारवर एकच स्वर तीन-चार जागी सापडतो, त्यामुळे अंतरं डोळ्यांना दिसत नाहीत.
- पाच रेषांची छापील वही, पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको, खोडाखोड भरपूर होते.
- मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र. फोनवरचा पुरतो.
- म्यूझस्कोर हे फुकट मिळणारं नोटेशनचं सॉफ्टवेअर. लिहिलेलं लगेच वाजवून दाखवतं. पण पहिले काही आठवडे हातानेच लिहा. सॉफ्टवेअर शार्प-फ्लॅटची निवड स्वतःच करून टाकतं आणि नेमकं तेच शिकायचं राहून जातं.

रोज वीस ते तीस मिनिटं द्या. रविवारी तीन तास बसून हे डोक्यात राहत नाही.

1. बारा पट्ट्या ओळखा

कीबोर्डवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत असतात. दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सी. तिथून उजवीकडे पांढऱ्या पट्ट्या सी, डी, ई, एफ, जी, ए, बी, आणि मग पुन्हा सी. या दोन सींमधलं अंतर म्हणजे एक ऑक्टेव्ह. काळ्या-पांढऱ्या मिळून एका ऑक्टेव्हमध्ये 12 समान पावलं असतात. प्रत्येक पाऊल म्हणजे एक सेमीटोन आणि दोन सेमीटोन म्हणजे एक टोन. ई-एफ आणि बी-सी या दोन जोड्यांमध्ये काळी पट्टी नाही, म्हणून तिथे शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यांत एकच सेमीटोन आहे. एवढं मात्र पाठच करा, पुढे प्रत्येक पायरीवर लागणार आहे.

ऑक्टेव्ह चढलं की कंपनसंख्या दुप्पट होते. मधल्या सीच्या (कीबोर्डच्या साधारण मध्यावरच्या सीच्या) वरचा ए 440 हर्ट्झ धरतात, त्याच्या वरचा ए 880. बारा समान पावलांत दुप्पट व्हायचं असेल तर प्रत्येक सेमीटोनला कंपनसंख्या सुमारे 1.0595 पट व्हावी लागते. आजचे पियानो याच हिशेबाने लावलेले असतात, म्हणूनच कोणताही तुकडा कोणत्याही पट्टीपासून वाजवला तरी सुरांची अंतरं तीच राहतात.

शार्प म्हणजे एक सेमीटोन वर आणि फ्लॅट म्हणजे एक सेमीटोन खाली. इथला नेहमीचा गैरसमज म्हणजे 'शार्प म्हणजे काळी पट्टी'. ई शार्प वाजवताना बोट एफच्या पांढऱ्या पट्टीवर जातं आणि सी फ्लॅट वाजवताना बीच्या. ही नावं कागदावर खरोखर येतात, आणि का येतात ते चौथ्या पायरीत कळेल.

सरगम शिकून आलेल्यांसाठी एक इशारा. सा कुठेही धरता येतो, सी मात्र जागेवरून हलत नाही. 'सी म्हणजे सा' असं डोक्यात बसवून घेतलं तर जी मेजरमध्ये, म्हणजे जीपासून सुरू होणाऱ्या मेजर स्केलमध्ये, पोहोचताच सगळा हिशेब कोसळतो. मेजर स्केलची अंतरं सात शुद्ध स्वरांच्या क्रमाशी जुळतात, तेवढा आधार जरूर घ्या.

2. पाच रेषा वाचायला शिका

क्लेफ म्हणजे रेषांच्या सुरुवातीचं चिन्ह, कोणती रेषा कोणत्या स्वराची ते त्यावरून कळतं. ट्रेबल क्लेफचा गोल वेढा खालून दुसऱ्या रेषेभोवती असतो. ती रेषा मधल्या सीच्या वरच्या जीची. बास क्लेफचे दोन ठिपके खालून चौथ्या रेषेच्या वर-खाली असतात आणि ती रेषा मधल्या सीच्या खालच्या एफची. मधला सी ट्रेबलच्या खाली एका जोडरेषेवर (पाच रेषांबाहेरच्या आखूड रेषेवर) आणि बासच्या वर एका जोडरेषेवर येतो. दोन्हीकडे स्वर तोच, पट्टीही तीच.

रेषांची नावं लक्षात ठेवायला वाक्यं शिकवतात. ती वाक्यं वापरू नका. प्रत्येक स्वराला मनात पूर्ण वाक्य म्हणावं लागतं आणि वाचनाचा वेग कायमचा मंद राहतो. त्याऐवजी काही खुणेच्या जागा पक्क्या करा. ट्रेबलमध्ये मधला सी, दुसऱ्या रेषेवरचा जी आणि खालून तिसऱ्या मोकळ्या जागेतला सी. बासमध्ये चौथ्या रेषेवरचा एफ आणि खालून दुसऱ्या मोकळ्या जागेतला सी. बाकीचे स्वर तिथून मोजा. रेषेवरून लगतच्या मोकळ्या जागेत गेलात तर पुढचं अक्षर, रेषेवरून पुढच्या रेषेवर गेलात तर मधलं एक अक्षर सुटलं.

स्वराच्या आधी लिहिलेला शार्प किंवा फ्लॅट त्या बारच्या (दोन उभ्या रेषांमधल्या भागाच्या) शेवटपर्यंत लागू असतो आणि फक्त त्याच उंचीवरच्या स्वराला. पुढची उभी रेषा आली की तो संपतो. नवखे तो पुढच्या बारमध्येही वाजवत राहतात, किंवा उलट, त्याच बारमध्ये पुन्हा आलेल्या स्वरावर विसरतात.

3. लय: आधी टाळी, मग स्वर

बीट म्हणजे लयीचा एक ठोका. होल नोट चार बीट, हाफ नोट दोन, क्वार्टर नोट एक, एट्थ नोट अर्धा, सिक्स्टीन्थ नोट पाव. ब्रिटिश पुस्तकांत याच क्रमाने सेमीब्रीव्ह, मिनिम, क्रॉचेट, क्वेव्हर, सेमीक्वेव्हर अशी नावं येतात. दोन पद्धतींची पुस्तकं एकत्र वापरणार असाल तर हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नोटेपुढे ठिपका आला की तिची लांबी दीडपट होते, म्हणजे ठिपक्याची हाफ नोट तीन बीटची.

टाइम सिग्नेचर म्हणजे सुरुवातीला एकावर एक लिहिलेले दोन आकडे. त्यातला वरचा आकडा किती ते सांगतो आणि खालचा कशाचे ते. 3/4 म्हणजे एका बारमध्ये तीन क्वार्टर. मग 6/8 म्हणजे सहा एट्थ, आणि तीन क्वार्टरमध्येही सहाच एट्थ असतात. फरक वजनाचा आहे. 3/4 मध्ये दोन-दोनचे तीन गट पडतात: *एक* दोन *तीन* चार *पाच* सहा. 6/8 मध्ये तीन-तीनचे दोन गट: *एक* दोन तीन *चार* पाच सहा. जाड वाटणाऱ्या आकड्यांवर टाळी द्या आणि दोन्ही आलटून पालटून करून बघा. हा फरक हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. 6/8 जलद असेल तर मेट्रोनोम ठिपक्याच्या क्वार्टरवर लावतात, बारमध्ये दोनच ठोके. प्रत्येक एट्थवर ठोका लावला की झोका नाहीसा होतो.

आणखी एक चूक सर्रास होते. एकाच उंचीच्या दोन नोटांना जोडणारी कमान म्हणजे टाय, तिथे दुसरी नोट पुन्हा वाजवायची नाही. वेगवेगळ्या उंचीच्या नोटांवरची तशीच कमान म्हणजे स्लर, ती फक्त सलग वाजवायला सांगते.

4. मेजर स्केल स्वतः बांधा

सूत्र सेमीटोनमध्ये 2-2-1-2-2-2-1. सीपासून निघालात तर सगळ्या पांढऱ्या पट्ट्या येतात. दुसरा नियम तितकाच महत्त्वाचा आणि तोच बऱ्याचदा शिकवायचा राहतो: सातही अक्षरं प्रत्येकी एकदाच यायला हवीत.

डीपासून बांधा. आधी नुसती अक्षरं लिहा: डी, ई, एफ, जी, ए, बी, सी, डी. आता अंतरं तपासा. डी-ई दोन, ठीक. ई-एफ एकच आहे, हवेत दोन, म्हणून एफ शार्प. एफ शार्प ते जी एक, बरोबर. जी-ए आणि ए-बी दोन-दोन. बी-सी एक आहे, हवेत दोन, म्हणून सी शार्प. शेवटचं सी शार्प ते डी एक. स्केल तयार.

एफ शार्पऐवजी जी फ्लॅट लिहिला असता तर पट्टी तीच दाबली गेली असती, पण एफ हे अक्षर गायब झालं असतं आणि जी दोनदा आलं असतं. एफ मेजरमध्ये चौथा स्वर बी फ्लॅट का आणि ए शार्प का नाही, तेही याच कारणाने. एफ शार्प मेजर बांधून बघा, सातवा स्वर ई शार्पच लिहावा लागेल.

बाराही मेजर स्केल एकदा हाताने लिहा. पाहून उतरवू नका, सूत्राने बांधा. लिहून झाल्यावर वाजवा. चूक असेल तर कान ताबडतोब सांगतो, कारण हा क्रम सगळ्यांच्या कानात मुरलेला आहे.

5. की सिग्नेचर आणि पंचमांचं वर्तुळ

स्केलचे शार्प किंवा फ्लॅट दर स्वरापुढे न लिहिता ओळीच्या सुरुवातीलाच एकत्र लिहितात, ती की सिग्नेचर. बारा स्केल लिहून झाल्या असतील तर वर्तुळ तुम्ही जवळजवळ शोधलेलंच आहे. सीमध्ये एकही शार्प नाही. सी धरून पाच अक्षरं वर जीवर एक, तिथून पाच वर डीवर दोन, मग ए तीन, ई चार, बी पाच. प्रत्येक वेळी वाढलेला शार्प हा नव्या स्केलचा सातवा स्वर असतो. उलट दिशेने एफला एक फ्लॅट, बी फ्लॅटला दोन, ई फ्लॅटला तीन. शार्प लिहायचा क्रम एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. फ्लॅटचा क्रम नेमका उलटा.

कागदावरून मेजर ओळखायचं तर शेवटच्या शार्पच्या एक सेमीटोन वर जा. फ्लॅट असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट हेच मेजरचं नाव. एकच फ्लॅट असेल तर एफ, ते लक्षात ठेवा. की सिग्नेचरमधला शार्प सर्व ऑक्टेव्हना लागू असतो, फक्त ज्या रेषेवर छापलाय तेवढ्यालाच नाही.

6. इंटरव्हल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंटरव्हलचं नाव दोन भागांचं असतं आणि दोन्ही भाग वेगळ्या पद्धतीने मोजले जातात. आकडा अक्षरांवरून येतो आणि तो मोजताना सुरुवातीचं अक्षर एक धरतात. सी ते जी म्हणजे सी, डी, ई, एफ, जी, पाच अक्षरं, म्हणून फिफ्थ. प्रकार मात्र सेमीटोनवरून ठरतो आणि तिथे सुरुवातीची पट्टी शून्य धरायची असते. सी ते जी सात सेमीटोन, म्हणून परफेक्ट फिफ्थ. इंटरव्हलच्या बहुतेक चुका निव्वळ एकाने चुकण्याच्या असतात, आणि त्यांचं मूळ या दोन मोजण्यांच्या सरमिसळीत असतं.

सेमीटोनचा हिशेब असा: मायनर सेकंड 1, मेजर सेकंड 2, मायनर थर्ड 3, मेजर थर्ड 4, परफेक्ट फोर्थ 5, परफेक्ट फिफ्थ 7, मायनर सिक्स्थ 8, मेजर सिक्स्थ 9, मायनर सेव्हन्थ 10, मेजर सेव्हन्थ 11, ऑक्टेव्ह 12. युनिसन, फोर्थ, फिफ्थ आणि ऑक्टेव्ह यांना मेजर-मायनर लागत नाही, ती परफेक्ट. परफेक्ट किंवा मेजरपेक्षा एक सेमीटोन वाढला तर ऑगमेंटेड. परफेक्ट किंवा मायनरपेक्षा एक कमी झाला तर डिमिनिश्ड.

सहा सेमीटोनचं नाव वरच्या यादीत नाही, ते अक्षरांवर अवलंबून आहे. एफ ते बी चार अक्षरं, म्हणून ऑगमेंटेड फोर्थ. बी ते एफ पाच अक्षरं, म्हणून डिमिनिश्ड फिफ्थ. तसंच सी ते ई फ्लॅट मायनर थर्ड, पण सी ते डी शार्प ऑगमेंटेड सेकंड. कीबोर्डवर फरक शून्य, कागदावर मात्र मोठा: डी शार्प बहुधा वर ईकडे जाणार आहे आणि ई फ्लॅट खाली डीकडे झुकणार आहे, हे वाजवणाऱ्याला नावावरूनच समजतं.

इंटरव्हल उलटं केलं, म्हणजे खालचा स्वर ऑक्टेव्हभर वर नेला, की दोन आकड्यांची बेरीज 9 होते, मेजरचं मायनर होतं आणि परफेक्ट परफेक्टच राहतं. मेजर सिक्स्थ पटकन मोजता येत नसेल तर उलटून मायनर थर्ड मोजा.

कानाचा सराव याच पायरीला सुरू करा. बाराही एकदम घेऊ नका. पहिले दोन आठवडे फक्त परफेक्ट फिफ्थ, मेजर थर्ड आणि मायनर थर्ड. एक पट्टी दाबा, दुसरा स्वर आधी गळ्याने लावा आणि मग पट्टीवर तपासा. नुसतं ऐकून ओळखणाऱ्या ॲपपेक्षा हे अवघड आहे आणि टिकतंही जास्त.

7. मायनर

प्रत्येक मेजरची एक जोडीदार मायनर असते. की सिग्नेचर तीच, सुरुवात तीन सेमीटोन खालून. सी मेजरची जोडीदार ए मायनर: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी. इथे जी ते ए पूर्ण टोन आहे, त्यामुळे एवर परतताना ओढ जाणवत नाही. ती आणण्यासाठी जीचा जी शार्प करतात, ती हार्मोनिक मायनर. पण मग एफ ते जी शार्प तीन सेमीटोनची उडी पडते आणि गाताना ती अडते. म्हणून चढताना एफही शार्प करतात आणि उतरताना दोन्ही मूळ रूपात आणतात, ती मेलोडिक.

या तीन वेगळ्या स्केल आहेत असं समजू नका. एकाच तुकड्यात तिन्ही रूपं गरजेप्रमाणे येतात. हा जी शार्प की सिग्नेचरमध्ये कधीच छापत नाहीत, दरवेळी स्वरापुढे लिहितात. सिग्नेचर कोरी आणि मधूनमधून जी शार्प दिसतोय, तर तुकडा बहुधा ए मायनरमध्ये आहे.

8. कॉर्ड

एक अक्षर सोडून एक असे तीन स्वर रचले की ट्रायड. सी, ई, जी. खालचं अंतर 4 आणि वरचं 3 असेल तर मेजर, 3 आणि 4 असेल तर मायनर, 3 आणि 3 डिमिनिश्ड, 4 आणि 4 ऑगमेंटेड. यादी संपली. डी मेजर हवी तर अक्षरं डी, एफ, ए. डी-एफ तीन सेमीटोन, हवेत चार, म्हणून एफ शार्प.

मेजर स्केलच्या प्रत्येक स्वरावर त्याच स्केलमधले स्वर घेऊन ट्रायड बांधली की पहिली, चौथी, पाचवी मेजर होते, दुसरी, तिसरी, सहावी मायनर आणि सातवी डिमिनिश्ड. हे बाराही मेजर स्केलना लागू आहे, म्हणून कॉर्डना रोमन आकडे देतात. सी मेजरमध्ये पाचवी म्हणजे जी, डी मेजरमध्ये ए. आकड्यांत विचार करायला लागलात की गाण्याची पट्टी बदलणं सोपं होतं.

कॉर्डमधला सगळ्यात खालचा स्वर कोणता यावर इन्व्हर्जन (कॉर्डचं उलटलेलं रूप) ठरतं. वरचे स्वर कसेही पसरले तरी त्याने फरक पडत नाही.

ट्रायडवर आणखी एक थर्ड चढवला की सेव्हन्थ कॉर्ड. इथे एक सापळा हमखास आहे: नुसतं 'सी सेव्हन' लिहिलं असेल तर वरचा स्वर बी फ्लॅट, बी नाही. बी हवा असेल तर 'सी मेजर सेव्हन' लिहितात. गिटारवर गाणी वाजवणारे वर्षानुवर्षं हे दोन आकार बोटांनी ओळखतात आणि फरक कशात आहे ते विचारलं की गडबडतात.

9. कॉर्ड एकमेकींकडे का जातात

जी सेव्हन म्हणजे जी, बी, डी, एफ. यातल्या बी आणि एफमध्ये सहा सेमीटोनचं ताणलेलं अंतर आहे. बी एक सेमीटोन वर सीवर जातो, एफ एक सेमीटोन खाली ईवर उतरतो आणि सी मेजरची कॉर्ड लागते. पाचवीकडून पहिलीकडे जाताना जे पूर्ण झाल्यासारखं वाटतं त्याचा मोठा वाटा या दोन हालचालींचा आहे. वाक्याच्या शेवटच्या अशा मुक्कामाला केडन्स म्हणतात. वाक्याच्या शेवटी हे घडलं की ऑथेंटिक केडन्स. पाचवीवरच थांबलं तर हाफ, चौथीवरून पहिलीवर आलं तर प्लेगल, पाचवीवरून सहावीवर वळलं तर डिसेप्टिव्ह.

कीबोर्डवर सी, एफ, जी, सी असा क्रम वाजवा, पण हात उचलून उड्या मारू नका. उजव्या हातात सी-ई-जी, मग सी-एफ-ए, मग बी-डी-जी, मग पुन्हा सी-ई-जी. डाव्या हातात फक्त मूळ स्वर (सी, एफ, जी, सी). एफवरून जीकडे जाताना डावा हात वर जातो आणि उजव्या हाताचे तिन्ही स्वर खाली येतात. पूर्ण हात तसाच सरकवला असता तर दोन आवाज परफेक्ट फिफ्थ किंवा ऑक्टेव्ह राखून समांतर चालले असते. अभिजात चार-आवाजी लेखनात ते टाळतात, कारण त्या दोन आवाजांचं वेगळेपण हरवतं. रॉक गिटारमध्ये हेच मुद्दाम करतात. नियम शैलीचा आहे, संगीताचा नाही.

परीक्षा द्यायची असेल तर

एबीआरएसएम आणि ट्रिनिटी ही संगीताच्या परीक्षा घेणारी ब्रिटिश मंडळं. एबीआरएसएमच्या वाद्यपरीक्षांत सहावी ग्रेड आणि त्यापुढे जायला थिअरीची पाचवी ग्रेड किंवा तिचा मान्य पर्याय लागतो. वरच्या नऊ पायऱ्या त्या वाटेवर बरंच अंतर कापून देतात. वेगळं करावं लागेल ते आल्टो आणि टेनर क्लेफ, इटालियन संज्ञा, ट्रान्सपोझिशन (तुकडा दुसऱ्या पट्टीत उतरवणं) आणि वाद्यांची माहिती. ट्रिनिटीत अशी अट नाही.

10. एक खरा तुकडा उघडा

जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट (एका जुन्या नृत्याचा तुकडा) घ्या, जो अ‍ॅना माग्डालेना बाखच्या (संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या पत्नीच्या) 1725 च्या वहीत आहे आणि आता ख्रिश्चन पेट्झोल्डचा मानला जातो. 3/4, 32 बार, नोटेशन सहज मिळतं. पेन्सिलने आठव्या, सोळाव्या, चोविसाव्या आणि बत्तिसाव्या बारवर खूण करा. आठव्यात वाक्य पाचवीवर अर्धवट थांबतं, सोळाव्यात जीवर पूर्ण होतं. उत्तरार्धात विसाव्या बारपासून सी शार्प दिसायला लागतो. एफ शार्प आणि सी शार्प दोन्ही आले, म्हणजे संगीत डी मेजरमध्ये शिरलं, आणि चोविसाव्या बारला ते डीवर मुक्काम करतं. त्यानंतर साधा सी परततो आणि शेवट जीवर होतो.

मग हाच तुकडा एक टोन खाली एफ मेजरमध्ये स्वतः उतरवून काढा. विसाव्या बारमधल्या सी शार्पच्या जागी बी येईल, आणि एफ मेजरच्या सिग्नेचरमध्ये बी फ्लॅट आहे, म्हणून त्याच्यापुढे शार्प नाही, नॅचरलचं, म्हणजे शार्प-फ्लॅट रद्द करणारं, चिन्ह लागेल. तुमच्या वहीत तिथे ए दोन शार्प किंवा सी फ्लॅट आला असेल तर चौथ्या पायरीवर परत जा.